कासवाचं कोरं पान

“…पाठ म्हणून दाखवते हो! पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, एक शब्द इकडचा तिकडे होत नाही. मग तिला कळत कसं नाही?”

बाबालालचाचा पुस्तक शिवत होते. त्यांच्या दातांत दोरा होता.

विचारणारे होते अष्टेकर गुरुजी. छत्तीस वर्षं मास्तरकी करून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. अक्षर असं, की तालुक्यात कुणाचा सत्कार ठरला की मानपत्र लिहायला माणूस यांच्याच दारात उभा. वारणेकाठच्या त्या गावात ‘गुरुजी’ म्हटलं की पुढे नाव जोडावं लागत नसे, आणि हे गुरुजींनाही चांगलंच ठाऊक होतं.

आणि ज्यांना विचारलं, ते बाबालाल मुजावर. गावाबाहेरच्या पिराची दिवाबत्ती करणारे, आणि पिराच्याच सोप्यात, म्हणजे ओसरीत, बसून पुस्तकं बांधणारे. वय ऐंशीच्या घरात. शिक्षण चौथीपर्यंत, तेही धडपणे नाही. शाळेची हजेरीपुस्तकं चाळीस वर्षं त्यांच्याच हातून शिवून गेली होती. एरवी गुरुजी त्यांच्याकडे आले असते ते वही बांधायला. प्रश्न विचारायला म्हणून ते आज पहिल्यांदाच आले होते, आणि ते त्यांना काही फारसं रुचलेलं नव्हतं.

पण नात चार वर्षांची होती, आणि रविवारी ती पुण्याला परत जाणार होती. आज बुधवार.

रेवतीच्या आईला दुसरं बाळ झालं, म्हणून महिन्यापूर्वी या नातीला आजोबांकडे आणून सोडलं होतं. गुरुजींना तर पर्वणीच वाटली. ‘कासवाचं बिऱ्हाड’ नावाचं चित्रांचं पुस्तक त्यांनी कपाटातून काढलं, पुसलं आणि रोज संध्याकाळी नातीला समोर बसवून वाचायला सुरुवात केली. वाचून झालं की प्रश्न. कासव कुठे निघाले? वाटेत कोण भेटले? पिल्लू का रडत होते?

‘कुठे’ आणि ‘कोण’ची उत्तरं रेवती घडाघडा द्यायची. ‘का’ आला की गप्प.

गुरुजींनी पुन्हा वाचलं. मग पुन्हा. पोरीला पुस्तक पाठ झालं, ‘का’ काही सुटेना. आणि गेल्या शुक्रवारी, गुरुजींनी पुस्तकाला नुसता हात लावला तशी ती म्हणाली, “आजोबा, गोष्ट नको.”

अर्ध्या गावाला वाचायला शिकवलेला माणूस! त्या संध्याकाळी ते न जेवताच उठले.

त्याहून वर्मी लागलं ते पुढचं. गोष्ट नको म्हणणारी ही पोर रोज दुपारी शेजारच्या तमन्नाचा हात धरून पिराकडे पळत होती. कशाला, तर म्हणे गोष्ट ऐकायला.

चाचांनी दातांतला दोरा सोडला, गाठ मारली.

“बसा की गुरुजी,” ते म्हणाले. “पोरं येतील आता.”

पोरं आली. सात-आठ असतील, सगळी अंगणवाडीच्या वयाची. आया उसाच्या भांगलणीला, तण काढायला गेलेल्या. रेवतीने आजोबांना पाहिलं, जरा थबकली, मग तमन्नाला चिकटून बसली.

चाचांनी मांडीवर पुस्तक घेतलं. रद्दीतून आणलेलं, पाठीला नवं कापड लावून शिवलेलं. गुरुजींनी मान पुढे काढली.

‘कासवाचं बिऱ्हाड.’

तेच पुस्तक. गुरुजी मनातल्या मनात म्हणाले, बघू तर खरं.

पुस्तकाचं तोंड पोरांकडे. चाचांनी पहिली ओळ वाचली. “कासव निघालं गावाला, पाठीवर घेऊन बिऱ्हाडाला.” आणि थांबले.

थांबले ते थांबलेच. गुरुजींना वाटलं, म्हाताऱ्याला पुढचं अक्षर लागत नसावं. सांगायला त्यांनी तोंडही उघडलं होतं, तेवढ्यात सोहम नावाचं एक शेंबडं पोर म्हणालं,

“लई हळू चाललंय.”

“व्हय की,” चाचा चित्राकडे बघत म्हणाले. “हळू का रं?”

“घर जड हाय.”

“हं…”

“माझी आईबी मोळी घिऊन अशीच चालती,” तमन्ना म्हणाली.

“अशीच?”

तमन्ना उठली, वाकली आणि पाठीवर मोळी असल्यासारखी सोप्यातून चालून आली. मग सगळीच चालून आली. पहिल्या पानालाच इतका वेळ गेला, की गुरुजींच्या शाळेत तेवढ्यात अख्खा धडा उरकून शुद्धलेखन सुरू झालं असतं.

दुसऱ्या पानावर झाड पडलं होतं आणि घरट्यातलं पिल्लू खाली बसून रडत होतं. तिसऱ्यावर कासवाने त्याला पाठीवर घेतलं. चौथ्यावर काळे ढग आले आणि धो धो पाऊस सुरू झाला. चाचा एक ओळ वाचत आणि गप्प राहत. पोरं बोलत. चाचा मान हलवत, मधूनच विचारत, “असं व्हय? तुला कुठं दिसलं?” पोर बोट ठेवून दाखवी. चाचा वाकून बघत, आणि खरंच ते आधी न दिसल्यासारखा त्यांचा चेहरा उजळे.

मग त्यांनी पाचवं पान उलटलं.

पान कोरं होतं.

मूळ पान तिथे नव्हतंच. त्या जागी चाचांनी पुठ्ठ्याच्या आत लावतात तो जाड, पिवळसर कागद शिवला होता. त्यावर चित्र नाही, अक्षर नाही.

चाचांनी पान पोरांपुढे धरलं. विहिरीत वाकून बघतात तशी पोरं त्या कोऱ्या पानावर वाकली.

“…कासवानं छत्री काडली,” सोहम म्हणाला.

“…पिल्लू झाडाच्या ढोलीत गेलं,” दुसरं कुणी.

आणि मग, कुणी न विचारता, रेवती बोलली. हळूच.

“कासव त्याच्या घरातून बाहेर आलं. आणि त्याने पिल्लाला आत ठेवलं.”

गुरुजी ताडकन उठले.

“रेवती! काय हे? तुला पाठ आहे ना ते पान? ‘केळीच्या पानाखाली नेले, पिल्लू नाही मुळी भिजले.’ काल-परवापर्यंत म्हणत होतीस! आणि कासव कवचातून बाहेर येत नसतं, बाळ. कवच त्याच्या हाडांना जोडलेलं असतं. बाहेर आलं तर मरून जाईल ते.”

रेवतीने आजोबांकडे पाहिलं. मग पुस्तकाकडे. तिचं तोंड मिटलं. आणि त्या दुपारी पुन्हा उघडलं नाही.

पोरं गेल्यावर गुरुजी म्हणाले, “चाचा, तुमच्या पुस्तकाचं एक पान फाटून गेलंय.”

“असंल.”

“अहो, असेल काय? मुलं वाटेल ते सांगतात. आणि तुम्ही मान डोलावता! चूक असेल तर चूक म्हणून सांगायला नको?”

“सांगितलंत की तुमी,” चाचा म्हणाले, आणि पुढचं पुस्तक आवळायच्या लाकडी दाबात घालून त्यांनी मळसूत्र पिळलं.

त्या बोलण्यात टोमणा होता की काय, हे गुरुजींना घरी पोचेपर्यंत ठरवता आलं नाही. पण उपाय मात्र त्यांना वाटेतच सुचला. उपाय सुचला नाही असा प्रसंग त्यांच्या आयुष्यात आला नव्हता.

घरी येऊन त्यांनी आपलं पुस्तक उघडलं. पांढराशुभ्र कागद घेतला. बॉलपेनाला ते लेखणी मानत नसत, म्हणून शाईचं पेन भरलं. पाचव्या पानावरच्या दोन्ही ओळी त्यांनी अशा काही लिहिल्या, की मानपत्राने लाजावं. वर केळीचं झाडसुद्धा काढलं, निळ्या शाईत. रेवती दारात उभी राहून बघत होती. “बघ, तुमच्या चाचांच्या पुस्तकाचं पान,” ते म्हणाले. ती आत निघून गेली.

गुरुवारी दुपारी पोरांच्या आधी गुरुजी पिराच्या सोप्यात हजर.

चाचांनी कागद हातात घेतला. उजेडाकडे धरला. बराच वेळ पाहिला.

“अक्षर म्हंजे… नजर ठरत न्हाई गुरुजी,” ते म्हणाले, आणि हे त्यांनी मनापासून म्हटलं होतं.

“लावून टाका.”

चाचांनी मान डोलावली. मैद्याच्या खळीची वाटी पुढे ओढली, कुंच्याने कोऱ्या पानावर खळ फिरवली, गुरुजींचा कागद अलगद बसवला आणि लाकडी पट्टीने मधून कडेला दाबत नेला. एक सुरकुती राहिली नाही. मग पुस्तक उचलून त्यांनी गुरुजींच्या हातात दिलं.

“आज तुमी वाचा.”

गुरुजींनी वाचलं. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ. प्रत्येक पानाला थांबून त्यांनी प्रश्नही विचारले, कालच्यासारखे. “कोण सांगेल, कासव हळू का चालते?” पोरांनी सांगितलं, “घर जड हाय!” “शाब्बास!” पाचवं पान आलं. गुरुजींनी आपलं केळीचं झाड सगळ्यांना फिरवून दाखवलं. “मग पिल्लू भिजले का?” पोरं एका सुरात ओरडली, “न्हाई!” “का भिजले नाही?” “केळीच्या पानाखाली नेलं!”

सगळी उत्तरं बरोबर.

सहाव्या पानावर पाऊस थांबला होता, पिल्लू कोरडं होतं आणि कासव पोट धरून हसत होतं. गुरुजींनी पुस्तक मिटलं.

“झाली गोष्ट?” सोहमने विचारलं.

“झाली.”

पोरं उठली आणि पिरापुढच्या लिंबाखाली खेळायला पळाली. एकदा परत वाचा, असं कुणी म्हणालं नाही. रेवती पळालीही नाही. ती पायरीवर जाऊन पाठ फिरवून बसली.

गुरुजी त्या एवढ्याशा पाठीकडे बघत राहिले. कालपर्यंत त्यांना राग यायचा. आज पहिल्यांदाच भीती वाटली. परवाचा दिवस गेला की ही पोर जाणार. मोठी होणार. आजोबा म्हटलं की तिला काय आठवणार? प्रश्न?

“चाचा,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज हेडमास्तरचा राहिला नव्हता. “माझं काय चुकलं?”

“काय बी न्हाई,” चाचा म्हणाले. “समदं बरोबर हाय.”

“…मग?”

चाचांनी बादलीतलं फडकं काढलं, पिळलं आणि गुरुजींच्या पुढ्यात ठेवलं.

“खळ अजून ओली हाय.”

गुरुजींना कळायला क्षणभर लागला. कळलं तेव्हा ते त्या ओल्या फडक्याकडे विंचवाकडे बघावं तसे बघत राहिले. आपल्या हातचं अक्षर आपल्याच हाताने काढायचं?

चाचा दुसऱ्या कामाला लागले होते.

बऱ्याच वेळाने गुरुजींनी फडकं उचललं. पाचवं पान उघडलं. फडकं कागदावर दाबलं, धरून ठेवलं. शाई फुटली. केळीचं झाड पसरलं, ओळी एकमेकींत मिसळल्या. मग कोपऱ्यातून त्यांनी कागद उचलला आणि तो सावकाश, न फाटता, पूर्ण सुटून हातात आला.

तेव्हा त्यांना पानाच्या मुळाशी, शिवणीजवळ, जुन्या पानाची एक अरुंद पट्टी दिसली. तिची कड त्यांनी बोटाने चाचपली. कड सरळ होती.

“चाचा… हे पान फाटलेलं नाही. पात्याने कापलंय.”

“व्हय.”

“कुणी?”

“मीच.”

“आणि ते पान कुठंय?”

चाचांनी मागच्या कोनाड्यातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला, झाकण उघडून पुढे सरकवला. आत पानं होती. वीस-पंचवीस तरी असतील, वेगवेगळ्या पुस्तकांतली, प्रत्येकातलं एकच. एकावर एक नीट लावलेली, मध्ये पातळ कागद घातलेला. सगळ्यांत वर हिरवीगार केळ होती, आणि तिच्याखाली पिल्लू.

“हरवलं न्हाई,” चाचा म्हणाले. “जपलंय.”

गुरुजी डब्याकडे बघत राहिले. आयुष्यभर त्यांनी मुलांच्या वह्यांतल्या रिकाम्या जागा भरून घेतल्या होत्या. आणि हा चौथी शिकलेला म्हातारा ब्लेड घेऊन बसतो, आणि जागा रिकाम्या करतो…

“रेवती,” त्यांनी हाक मारली. “येतेस का जरा?”

ती आली. दोन हात लांब उभी राहिली.

“आजोबा, गोष्ट नको.”

“वाचत नाही मी. हे बघ ना… या पानाचं काय झालंय?”

रेवतीने मान वाकडी करून पाहिलं. कोऱ्या पानावर ओल उतरली होती आणि गुरुजींच्या फुटलेल्या शाईचे निळे थेंब, निळे ओघळ वरपासून खालपर्यंत उमटले होते.

“…इथे पाऊस पडलाय!” ती म्हणाली, आणि एक हात जवळ आली.

गुरुजींच्या जिभेवर पुढचा प्रश्न तयार होता. तो त्यांनी गिळला. आयुष्यात इतकं अवघड काही त्यांनी गिळलं नसेल. लिंबावर होला घुमत होता. चाचांचं दाभण कागदातून आरपार जात होतं, येत होतं.

रेवतीने एक निळा ओघळ बोटाने वरून खाली गिरवला. मग दुसरा.

“कासव भिजतंय,” ती म्हणाली. “पिल्लू घरात आहे ना. म्हणून.”

“…हं.”

तिने आपणच पुढचं पान उलटलं. हसणारं कासव.

गुरुजींनी हे चित्र किती वेळा पाहिलं असेल! त्याखालची ओळ त्यांनी किती वेळा वाचली असेल! आत्ता ते पहिल्यांदाच बघत असल्यासारखे बघत होते, आणि त्यांच्या तोंडून सहज गेलं, “रेवू, एवढं हसतंय का गं हे?”

हा प्रश्न त्यांनी आजवर कधी विचारला नव्हता. कारण उत्तर पुस्तकात नव्हतं.

“त्याला गुदगुल्या होतायत,” रेवती म्हणाली. “त्याच्या पाठीला कधी पाऊसच नव्हता ना लागला, आजोबा. घर होतं ना नेहमी.”



पोर थांबली नव्हती. ती चित्राच्या आणखी जवळ गेली होती. तिचं हसू मावळलं होतं.

“पण मग पिल्लाने त्याचं घर परत दिलंच नाही तर?”

 चाचांचं दाभण थांबलं.

गुरुजींना उत्तर येत होतं. एक सोडून दहा येत होती. देईल हो, शहाणं असतं पिल्लू. आपण मोठे ना, मग आपण द्यायचं असतं. महिनाभर घरात सगळेच तिला हे सांगत होते. आता तू मोठी झालीस, आता तू ताई झालीस, आता बाळ आईजवळ झोपणार. पण तिला काय वाटतं, हे कुणी विचारलं होतं? त्यांनी स्वतः तिला शंभर प्रश्न विचारले होते. त्यातला एक तरी हा होता का?

“मला माहीत नाही, बाळ,” गुरुजी म्हणाले.

छत्तीस वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून गेलं नव्हतं.

रेवती चकित होऊन आजोबांच्या चेहऱ्याकडे बघू लागली. ते थट्टा करत नव्हते. त्यांना खरंच माहीत नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते वाट बघत होते.

मग ती विचारात पडली. मदतच करायला हवी होती आता. विचार करता करता ती कधी त्यांच्या मांडीवर येऊन बसली, ते तिलाही कळलं नाही. गुरुजींना कळलं. त्यांनी श्वाससुद्धा जपून घेतला.

“मग ना…” ती सावकाश म्हणाली, “दोघं त्याच घरात राहतील. थोडंसं सरकून. पिल्लू लहानच असतं, आजोबा. मावतं.”

“…मावतं?”

“हो. रात्री त्याचे पाय लागतील. पण मावतं.”

  गुरुजींना देवळात गाभाऱ्यापुढे होतं तसं झालं होतं. इतकी वर्षं मुलांसमोर उभे राहिले, पण एका मुलाच्या आत एवढी जागा असते हे त्यांना आज, सत्तरीच्या उंबऱ्यावर कळत होतं.

रेवतीने पुस्तक मिटलं आणि लगेच पहिल्या पानावर उघडलं.

“परत,” ती म्हणाली. मग स्वतःच, “थांबा, तमन्नाला बोलावते. तुम्ही पुढे जाऊ नका हं!” आणि लिंबाकडे पळाली.

सोप्यात दोघे म्हातारे उरले.

गुरुजींच्या हातात अजून तो सुटलेला कागद होता. ओला, निळा, त्यावरचं एकही अक्षर वाचता येत नव्हतं. त्यांनी तो हळूच घडी करून बंडीच्या खिशात ठेवला. मग हात जोडावेत की काय, असं त्यांच्या मनात आलं, पण ते गावाचे गुरुजी; ती सवय त्यांना नव्हती.

“चाचा,” ते शेवटी म्हणाले, “मी तुमच्याकडे शिकायला आलो तर चालेल? काय आणू येताना?”

बाबालालचाचांनी सुईत दोरा ओवला. टोक ओलं केलं. गुरुजींकडे पाहिलं.

“गुरुजी,” ते म्हणाले, “तुमच्या अक्षरात एक कोरं पान लिवून आणा.”